बाळंतिणीचा वास

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर जरा निवांत बसा. माझं माहेर पाटण तालुक्यातलं आणि सासर लालबागचं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून मी ३१ वर्षं काढली. आता निवृत्त आहे. इथल्या ताईंनी बोलायला बोलावलं तेव्हा विषय विचारला. मी म्हटलं, वासावर बोलते. त्या हसल्या. म्हणाल्या, फुलांच्या का? मी म्हटलं, नाही, बाळंतिणीच्या.

नाक मुरडू नका. ज्या घरात बाळंतीण असते त्या घराला वास असतो, हे तुम्हाला मला सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेपा, ओवा, वावडिंगाची धुरी, तेल, ओले लंगोट, आणि त्या सगळ्याखाली एक कोमट, दुधाळ, किंचित आंबूस वास. मी आज त्या खालच्या वासाबद्दल बोलणार आहे. तो वास घाणीचा नाही. तो बाळासाठी असतो.

आधी घडलेली गोष्ट सांगते. आमच्या चाळीत शेजारची सून दादरला एका कचेरीत कामाला आहे. बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा ती कामावर रुजू झाली. महिन्याभरात एकदा रात्री ती रडत माझ्याकडे आली. बाळ घ्यायलाच बघत नाही, तोंड फिरवतं, सासू म्हणते दूध आटलं, डबा आणू. मी तिला जवळ बसवलं तर माझ्याच नाकात झणझणलं. कामावरून आली की ती सुगंधी साबणाने छाती खसखसून धूत होती, वर काखेत आणि गळ्यावर स्प्रे. का गं, म्हटलं. तर मान खाली घालून म्हणाली, "मावशी, लोकलमध्ये दूध झिरपतं. कचेरीत एकजण म्हणाली, तुझ्या अंगाला वास मारतो."

तिचं पुढे काय झालं ते सांगते, पण मधे जरा गोठ्यात जाऊन येऊ. कारण हे शास्त्र तुम्ही गोठ्यात रोज बघता, फक्त त्याला शास्त्र म्हणत नाही.

गाय व्याली की पहिलं काय करते? वासरू चाटते. आपण म्हणतो, माया करते. माया तर आहेच, पण त्याच वेळी ती त्याचा वास डोक्यात बसवत असते. शेळीचं तर फार नेमकं आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत हे पारखून बघितलं होतं. शेळी व्याल्याबरोबर करडू पाच मिनिटं जरी तिच्याजवळ राहू दिलं, तरी नंतर तासभर दूर नेऊन परत आणलं तर ती त्याला घेते. पण त्या पाच मिनिटांआधीच उचलून नेलं, तर तासाभराने आणलेल्या करडाला बहुतेक शेळ्या शिंगाने ढकलून देतात. तेच करडू, तीच आई, फक्त वासाची वेळ टळली. मेंढी साधारण दोन तासांत आपलं कोकरू वासावरून पक्कं ओळखायला लागते, मग दुसऱ्याचं कोकरू कासेला लागू देत नाही.

म्हणून तर एखादी शेळी मेली आणि तिचं करडू पोरकं झालं, की जुनी माणसं दुसरी शेळी व्यायची वाट बघतात आणि तिच्या वारेच्या पाण्याने पोरक्या करडाला माखून तिच्यापुढे ठेवतात. मेलेल्या वासराचं कातडं भुसा भरून गाईपुढे उभं करतात, ती ते चाटते आणि पान्हवते, हेही तुमच्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलं असेल. मला ते बघवत नाही. पण नाकाचा आणि पान्ह्याचा संबंध कुणाला पटत नसेल तर त्याने ते भुशाचं वासरू आठवावं. मुंबईच्या तबेल्यांत काही ठिकाणी तेवढाही खटाटोप करत नसत, रेडकू मेलं तरी चालेल, म्हशीला इंजेक्शन टोचून दूध काढायचं. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपायकारक असं इंजेक्शन टोचणं किंवा फुंका घालणं हा १९६०च्या प्राण्यांच्या कायद्याने गुन्हा आहे, एवढं सांगून पुढे जाते, नाहीतर माझा विषय भरकटेल.

ही झाली आईच्या नाकाची गोष्ट. आता उलट बाजू बघू. पिल्लाला आई कशी सापडते? डोळे मिटलेले, पाय लुळे, जगात येऊन जेमतेम तास झालेला.

इथे कातडीचं काम सुरू होतं. आपल्या कातडीत घाम आणि तेल तयार करणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी असतात. आणि बायांनो, दूध करणारी ग्रंथीही मुळात याच घराण्यातली. कातडीतल्याच ग्रंथी कोट्यवधी वर्षांत बदलत बदलत दुधाच्या झाल्या. ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नावाचा प्राणी आहे, त्याच्या मादीला सडच नसतात. तिचं दूध पोटाच्या कातडीवर घामासारखं पाझरतं आणि पिल्लं ते चाटतात. तेव्हा दूध, घाम, तेल ही चुलत भावंडंच आहेत. मादी पाजायला लागली की या भावंडांचंही काम बदलतं.

मेंढीच्या कासेच्या बाजूला जांघेत खळगी असतात. धनगर बायांना सांगायला नको, तिथे पिवळसर मेणचट काहीतरी साठतं. ते मेण कोकराला खुणावतं, त्या वासाने ते तोंड मारत कासेकडे सरकतं. कुत्रीचं आणखी गमतीचं. ती व्याल्यावर तीन ते पाच दिवसांत तिच्या सडांच्या दोन रांगांमधल्या कातडीतून एक स्निग्ध द्रव सुटायला लागतो. त्या वासाने पिल्लं शांत होतात. फ्रान्समधल्या पॅट्रिक पाजा नावाच्या पशुवैद्याने तो वास ओळखला आणि तसाच कृत्रिम बनवला. आता त्याचे गळपट्टे मिळतात, फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधायला. आमच्या परळला १८८६ पासून गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. त्या बाजूला गेले की मला नेहमी वाटतं, आईच्या छातीचा वास विकत घेण्याची वेळ माणसावर यावी, आणि तीही कुत्र्यासाठी!

सशीण तर दिवसातून एकदाच पाजते, तीन-चार मिनिटं, की निघाली. एवढ्या वेळात आंधळ्या पिल्लांना सड सापडलाच पाहिजे. तिच्या दुधात एक वास असतो, त्या एकाच वासाने पिल्लं झटकन तोंड लावतात. तो नेमका कोणता पदार्थ, हे २००३ साली शोधून काढलं. आणि उंदरांवर एक प्रयोग झाला होता. मादीचे सड स्वच्छ धुऊन काढले. मग काय झालं? पिल्लांना सड धरताच येईना. आईची लाळ किंवा गर्भातलं पाणी पुन्हा तिथे लावलं, तेव्हा पिल्लं चिकटली.

धुऊन काढले की सापडेना. हे वाक्य डोक्यात राहू द्या.

आता आपल्याकडे येऊ. पोटुशी बाई आरशात बघते तेव्हा तिला दिसतं, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग आणखी गडद झालाय आणि त्यावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे आलेत. कितीतरी मुली घाबरून विचारतात, सिस्टर, हे फोड का? एकीने तर ते फोडायचा प्रयत्न केला होता. ते फोड नाहीत. त्यांना माँटगोमेरी ग्रंथी म्हणतात. आयर्लंडच्या एका डॉक्टरने १८३७ साली त्यांचं वर्णन केलं, त्याचं नाव चिकटलं. गरोदरपणात आणि पाजताना त्या फुगतात. त्यांच्यातून तेलकट द्रव आणि थोडं दूध असं मिश्रण झिरपतं. पूर्वी सांगायचे की त्याचं काम कातडी मऊ ठेवणं. ते खरंच आहे. पण २००९ साली फ्रान्समध्ये काही संशोधकांनी तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या नाकाखाली हा द्रव काचेच्या कांडीवर धरला. झोपेतच बाळं ओठ चाळवायला लागली, जीभ बाहेर काढायला लागली. गाईचं दूध, डब्याचं दूध, व्हॅनिला असं बाकीचंही धरून पाहिलं, तेवढी हालचाल झाली नाही. आणि तो द्रव त्या बाळांच्या आईचा नव्हताच, दुसऱ्याच बायकांचा होता. म्हणजे ही ओळख शिकवावी लागत नाही, बाळ ती घेऊनच येतं.

स्वतःची आई वेगळी ओळखणं ते पुढच्या काही दिवसांत शिकतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये बघितलं, सहा दिवसांच्या बाळाच्या एका गालाशी आईच्या छातीवरची घडी आणि दुसऱ्या गालाशी परक्या बाईची घडी ठेवली तर बाळं आईच्या घडीकडे जास्त वळतात. दोन आठवड्यांची अंगावर पिणारी बाळं आईच्या काखेतला वाससुद्धा ओळखतात, बाटलीवरची ओळखत नाहीत असं आढळलं. आणि आपल्या धुण्याबद्दल म्हणाल, तर १९९४ सालची गोष्ट. जन्मल्या जन्मल्या आईच्या अंगावर ठेवलेली ३० बाळं. प्रत्येक आईचा एक स्तन धुतलेला, एक तसाच. ३० पैकी २२ बाळं न धुतलेल्याकडे गेली.

हे मी वाचलं तेव्हा नोकरीला दहा-बारा वर्षं उलटून गेली होती. आणि मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं.

१९८३ साल होतं. गिरण्यांचा संप फसलेला, घरात चणचण. मी स्वतः नर्स, तरी एका खाजगी प्रसूतिगृहात गेले होते. नाव सांगत नाही, ते आता नाहीही. मुलगा झाला, लगेच त्याला नेऊन आंघोळ घातली, दुसऱ्या खोलीत ठेवला. माझी छाती जंतुनाशकाच्या बोळ्याने पुसली, दर वेळी पाजण्याआधी पुसायचा नियमच होता. दुसऱ्या दिवशी बाळ हातात दिलं तर ते रडून लाल होई, पण धरीना. तिथल्या बाई म्हणाल्या, तुला दूध नाही. मी नर्स, आणि मी ते खरं मानलं! डब्याची भुकटी आली. संपाच्या दिवसांत तो डबा कसा परवडला ते मलाच माहीत.

माझ्या सासूबाई लालबागच्या गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. अंगठेबहाद्दर. सहाव्या दिवशी मी घरी आले तर त्यांनी मला जवळ ओढलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "हा इस्पितळाचा वास. पोराला आई कुठं आहे ते कळेल कसं?" दोन दिवस छातीला नुसतं कोमट पाणी, साबण नाही. बाळाचे कपडे काढून माझ्या उघड्या अंगावर, वरून त्यांचं मऊ जुनेर. तो तिथेच झोपायचा, तिथेच उठायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्वतःच तोंड लावलं. पुढे वर्षभर प्यायला. फक्त वासानेच झालं, असं मी म्हणणार नाही. ऊब होती, सतत जवळ होता, मी शांत झाले होते, आणि त्या घरी होत्या हेही होतंच. पण सुरुवात तिथून झाली.

सासूबाईंना हे कुठून ठाऊक? त्या सांगायच्या, त्या कामावर जाताना अंगातून काढलेली चोळी पाळण्यात बाळाच्या डोक्याशी ठेवून जायच्या. त्यावर बाळ दुपारभर निजायचं. शेजारीण सांभाळायची. त्यांच्या आधीच्या पिढीचे हाल त्याहून वाईट. १९२०च्या दशकात सरकारने गिरणी बायकांची पाहणी करायला लेडी डॉक्टर नेमली, तेव्हा दिसलं की आया कामावर जाताना पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवतात. दुसरा उपायच नव्हता. त्याच परळमध्ये १९२६ साली गिरणी कामगारांच्या बायकांसाठी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, आणि १९२९ साली मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला. आज कायद्याने २६ आठवडे आहेत, पण शेतात मजुरी करणारीला आणि धुणीभांडी करणारीला त्याचा काय उपयोग, हे तुम्ही मला सांगा. बाळापासून आठ तास दूर राहणारी आई आजही आहेच. तिने अंगावरच्या ओढणीचा किंवा जुन्या पातळाचा तुकडा सांभाळणाऱ्या बाईजवळ ठेवावा. बाळ जागं आणि मांडीवर असताना तिने तो जवळ घ्यावा. झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ मोकळा कपडा मात्र ठेवू नये, नाकावर आला तर जीव गुदमरतो. सासूबाईंच्या चोळीतली एवढीच एक गोष्ट मी बदलली.

पुढे आमच्या मुंबईतच बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रशांत गांगल आणि बीपीएनआय महाराष्ट्र यांनी युनिसेफबरोबर २००७ साली एक फिल्म केली, ती देशोदेशी दाखवली गेली. नुकतं जन्मलेलं बाळ पुसून कोरडं करून आईच्या पोटावर पालथं ठेवतात. ते थोडा वेळ पडून राहतं, मग पायाने रेटा देतं, हात चाटतं, पुन्हा सरकतं. साधारण तासाभरात स्वतः स्तनापर्यंत पोचतं आणि तोंड लावतं. मी वॉर्डात हे कितीदा पाहिलं, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. यात एक बारीक गोष्ट आहे, बाळाचं अंग पुसतात पण हात पुसत नाहीत. हातावर गर्भातल्या पाण्याचा वास असतो, बाळ तो चाटत चाटत पुढे जातं. म्हणून पहिल्या दिवशी आंघोळही नको, निदान २४ तास थांबावं. तुमच्या गावात सुईण असो, आशाताई असो, आरोग्य केंद्र असो, हा तास बाळाला मागून घ्या. सिझर झालं तरी बाळ छातीशी देता येतं. मधाचं बोट, गुळाचं पाणी काही नको. चीक हेच पहिलं.

आता सावधगिरीचं बोलते, कारण मी नर्स आहे, वैदू नाही. रोज आंघोळ करायचीच. छातीला साधं पाणी पुरे, साबण घासू नका, त्याने कातडी कोरडी पडून भेगाही जातात. पाजण्यापूर्वी हात मात्र साबणाने धुवायचे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात काम करणाऱ्या बायका आमच्याकडे यायच्या, त्यांना मी सांगायची की मिरची कांडून आल्यावर हात कोपरापर्यंत धुवा आणि पोलकं बदला. पावडर, अत्तर, स्प्रे निदान पहिले काही महिने छातीपासून आणि काखेपासून दूर. धुरीचा हट्ट असेल तर बाळाला त्या खोलीत ठेवू नका, त्याची फुप्फुसं कोवळी असतात. काढून ठेवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, तो दुधातल्याच एका पाचक रसामुळे. दूध नासलेलं नसतं, नीट साठवलं असेल तर ते चालतं.

आणि सगळं वासावर ढकलू नका. पाच दिवसांच्या पुढचं बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करत नसेल, सुस्त पडत असेल, पिताना दमत असेल, तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, तर जुनेरं हुंगत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. छाती लाल होऊन दुखली, ताप भरला, तरी तसंच.

अपुऱ्या दिवसांचं बाळ पेटीत असलं की आई बाहेर बाकावर बसून असते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. तिथे परक्या आयांचं दूधही अशा बाळांच्या कामी येतं. टाच टोचून रक्त घेताना ओळखीच्या आईच्या दुधाचा वास दिलेली बाळं कमी रडतात, हेही बघितलं गेलंय. म्हणून परवानगी असेल तिथे आम्ही आईच्या छातीजवळ ठेवलेली स्वच्छ घडी नर्सच्या देखरेखीखाली बाळाजवळ ठेवायचो. आणि बाळ जरा सावरलं की छातीशी उघड्या अंगाने, कांगारूसारखं.

आता ती शेजारची सून. तिला मी साबण आणि स्प्रे दोन्ही बंद करायला लावले. कामावर पोलक्यात सुती घड्या ठेव, ओल्या झाल्या की बदल, म्हटलं. घरी आली की तोंड-हातपाय धुऊन अर्धा तास बाळाला नुसतं उघड्या छातीवर घेऊन पडायचं, पाजायचं असं मनातही आणायचं नाही. पहिल्या दिवशी बाळ रडलं. दुसऱ्या दिवशी काखेत नाक खुपसून झोपलं. चौथ्या रात्री दोन वाजता तिने माझं दार वाजवलं. मी घाबरून उठले. ती दारात उभी, पदराआड बाळ पीत होतं, आणि ती कुजबुजली, "मावशी, बघा." जिन्यात दिवा नव्हता. मला दिसलं काहीच नाही, पण वास आला.